चेहऱ्यावरचा जास्तीचा दिवा

लातूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी शनिवार-रविवारी एका फोटो स्टुडिओत दिवे लावायचं काम करत होतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत आलेला मी पहिलाच. वडील गवंडीकाम करतात, आमचं गाव रेणापूरच्या पुढे. कॉलेजात कुणाशी काय बोलायचं, कसं बोलायचं हे मला पटकन सुचत नसे, अजूनही सुचत नाही. दिव्यांजवळ उभं राहिलं की मात्र सुचायचं. ही आठवण त्याच दिव्यांची आहे. ती लिहिताना स्वतःची बाजू घ्यायची नाही असं मी ठरवलं आहे. ते कितपत जमेल, सांगता येत नाही.

स्टुडिओच्या मालकांना आम्ही सर म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. परीक्षेच्या आठवड्यात ते मला कामावर येऊ देत नसत. "पेपर लिही, लाइट कुठं पळून जात न्हाईत," म्हणायचे. त्यांनी मला शिकवलेला पहिला नियम होता, चेहऱ्यावर एक जास्त. म्हणजे सगळं बरोबर जुळवून झालं की नवरीच्या चेहऱ्यावरचा उजेड आणखी एक पायरी वाढवायचा. का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "नवरी सावळी आली की तिची आई आपल्याला शिव्या देते. गोरी आली की जेवून जावा म्हणते. तुला काय पाहिजे?"

फोटोत हे सोपं असतं. फ्लॅशचा एक झटका, आणि राहिलेलं काम संगणकावर. व्हिडिओत तसं होत नाही. व्हिडिओला सतत जळणारा दिवा लागतो, माणूस हलत असतं, मान वळवत असतं, आणि चेहऱ्याचा खरा रंग कुठून तरी बाहेर येतोच. म्हणून आमच्याकडच्या बऱ्याच लग्नांत अल्बममधली नवरी वेगळी आणि व्हिडिओतली वेगळी दिसते. लोकांना हे माहीत झालं आहे. स्थळ बघताना सुद्धा आता फोटो पाहून झाला की बायका विचारतात, "एखादा व्हिडिओ हाय का हो?"

नांदेडच्या एका साडीच्या शोरूमच्या मालकांचं सरांकडे काम आलं तेव्हा त्यांची तक्रार नेमकी हीच होती. त्यांना होर्डिंगसाठी मोठे फोटो पाहिजे होते आणि मोबाईलवर फिरवायला छोटे व्हिडिओ. दोन्ही एकाच दिवशी, त्याच साड्या, तीच मुलगी. "मागच्या सालची गंमत सांगतो," ते फोनवर म्हणाले, आणि सरांनी फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला असल्यामुळे मलाही ऐकू आलं. "होर्डिंगवर एक पोरगी, मोबाईलवर दुसरीच. गिऱ्हाईक हसून राहिलं होतं. आवंदा दोन्हीत फरक दिसला न्हाई पाहिजे."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी दोन दिवस त्यावरच विचार केला. फ्लॅश आणि व्हिडिओ एका वेळी चालत नाहीत. फ्लॅश उडाला की व्हिडिओत पांढरा भपकारा येतो. आळीपाळीनं करायचं तर दोन वेगळे उजेड, म्हणजे पुन्हा दोन वेगळ्या मुली. मग मी सरांना म्हणालो, फ्लॅश नेऊच नका. सगळं एलईडीवर करू. फोटोही त्याच उजेडात आणि व्हिडिओही. गंजगोलाईच्या बाजारातून मांजरपाट आणला, तो पिवळट असतो म्हणून दोनदा धुऊन उन्हात वाळवला, बांबूच्या चौकटीला ताणून बांधला. त्याच्या मागे दिवा ठेवला की खिडकीतून आल्यासारखा मोठा, मऊ उजेड यायचा. माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघालेली ती पहिलीच गोष्ट. सर म्हणाले, "चालतंय की रे." त्या रात्री माझा अभ्यास झाला नाही.

शोरूमच्या शेठना मुलगी बाहेरची नको होती. आपल्याकडचीच पाहिजे, बघणाऱ्याला आपली वाटली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. सरांनी विचारलं, "तुझ्या कॉलेजात कुणी हाय का?"

माझ्या पुढे दोन बाक सोडून एक मुलगी बसायची. देवणी तालुक्यातली, वसतिगृहात राहणारी. उंच होती, आणि गॅदरिंगला सूत्रसंचालन करायला उभी राहिली की मागच्या रांगेतला गोंधळ आपोआप थांबायचा. रंगानं ती काळी होती. सावळी म्हणून गोड करून सांगण्यात अर्थ नाही, ती स्वतःही तसं म्हणत नसे. मला ती नोट्स द्यायची, म्हणून मी तिच्याशी बोलू शकत होतो. कँटीनच्या मागच्या लिंबाखाली मी तिला विचारलं.

"साडीच्या जाहिरातीत? मी?" ती हसली. "डोळे तपासून घे जरा."

"खरं विचारून राहिलो."

"पांढरी करतील मला."

ते मला माहीत होतं. मग तीच सांगायला लागली. तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात फोटोवाल्यानं सगळ्यांना पांढरं केलं होतं. "सगळे पांढरे झाले, मी राखाडी झाले. भस्म फासल्यावानी. पाहुण्यांना अल्बम दाखवताना माझा फोटो आला की आई दोन पानं एकदम उलटते." तिनं हे हसत सांगितलं. मग म्हणाली, "मी नीट कशी दिसते हे मलाच माहीत न्हाई बघ. आरशात दिसतं तेवढंच."

"दिवे मी लावणार आहे," मी म्हणालो. "तू आहेस तशीच दिसशील."

"शब्द देऊन राहिला का?"

"हाव."

"बघ हं. गोरी केलंस तर नोट्स बंद."

तिनं घरी वडिलांना, तिच्या अण्णांना, फोन करून विचारलं. ते म्हणाले, साडीच हाय ना, मग जा. पण शिक्षणात खंड नको. तिच्या घरात तेव्हा असं ठरलं होतं की बी.ए. होईपर्यंत तिच्यासाठी स्थळं बघायची नाहीत. हे तिनंच मला सांगितलं होतं, थोडं अभिमानानं. तिला पुढं बी.एड. करायचं होतं.

नांदेडला आम्ही सरांच्या गाडीतून गेलो. सर गाडी चालवत होते, ती मागे बसली होती आणि दिव्यांचे स्टँड तिच्या मांडीवरून आडवे गेले होते. अहमदपूरला चहा घेतला. शोरूमच्या तिसऱ्या मजल्यावर मालाची खोकी रचलेला एक हॉल होता. खिडक्यांना चादरी लावून मी तो अंधारा केला आणि माझी मांजरपाटाची चौकट उभी केली. व्हिडिओवाला नांदेडचाच होता, वयानं मोठा, सगळ्यांची थट्टा करणारा. चौकट बघून म्हणाला, "ओ कॉलेजवाले, इथं कुणाचं धोतर वाळत घातलं?"

पहिली साडी रामा रंगाची होती. ती नेसून आलेल्या मुलीला मी चौकटीशेजारी उभं केलं आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा ठेवला. काळ्या रंगाला जास्त उजेड लागत नाही, मोठा उजेड लागतो, हे मी लग्नांमध्ये बघून बघून स्वतःच शिकलो होतो. भगभगीत दिवा मारला की असा चेहरा मळकट दिसतो. बाजूनं मोठा मऊ उजेड दिला की गालाच्या हाडावर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर एक लकाकी येते आणि बाकीचा रंग तिच्याभोवती आहे तसा राहतो. सरांनी फोटो काढला. व्हिडिओवाल्यानं त्याच उजेडात दहा सेकंदांचा तुकडा घेतला. मग दोन्ही लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावले. फरक नव्हता.

ती साडी सावरत लॅपटॉपपाशी आली आणि बघत राहिली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "हा मला पाठव."

"पाठवतो."

"विसरू नको."

एवढ्यात शेठ वर आले. त्यांनी आधी साडी बघितली. "रंग एक नंबर आलाय. असाच्या असा." मग थोडं थांबून सरांना बाजूला बोलावलं. हॉल मोठा असला तरी रिकामा होता, त्यामुळे बाजूचं बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं.

"सर, पोरगी लई चांगली उभी राहती. बेटा, तुझं काही न्हाई हं," हे वळून तिला. मग पुन्हा सरांना, "पण असं चालायचं न्हाई. गिऱ्हाईक साडीत स्वतःला बघतंय. स्वतःला कुणी काळं बघत न्हाई, सायब."

सर म्हणाले, "लाइट वाढवू की."

"सगळा लाइट वाढवला तर साडीचा रंग फिका पडंल," मी म्हणालो. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

"न्हाई न्हाई. साडीचा रंग तसूभर बी हलायचा न्हाई. रंग वेगळा निघाला तर बाई साडी परत आणून दुकानात तमाशा करती. फक्त चेहरा करा."

व्हिडिओवाल्यानं कॅमेऱ्यामागूनच सांगितलं, "फक्त चेहरा न्हाई होत, शेठ. फोटोत होतंय, व्हिडिओत कसं होईल? ती काय पुतळा हाय का, चालती की. चेहरा एक आन् हात एक दिसंल. मग पुन्हा मागच्या सालचंच."

शेठनी सरांकडे बघितलं. सरांनी व्हिडिओवाल्याकडे. त्या क्षणी मी गप्प राहिलो असतो तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळ वेळा विचार केला आहे. बहुतेक त्यांनी थोडा वेळ कुरकुर केली असती आणि आहे त्या उजेडात काम उरकलं असतं, कारण सगळं लावून तयार होतं आणि साड्या वीस होत्या. मला कुणी विचारलं नव्हतं. पण मला उत्तर येत होतं. वर्गात मी दोन वर्षांत एकदाही हात वर केला नव्हता. येत असलं तरी केला नव्हता, कारण माझं बोलणं ऐकून पुढची मुलं मागे वळून बघायची. आणि इथं तीन मोठी माणसं एका प्रश्नापाशी अडली होती आणि उत्तर फक्त माझ्यापाशी होतं.

"होईल," मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, बारका दिवा दांडीवर लावू. त्याच्यापुढं काळा कार्डपेपर कापून लावू म्हणजे उजेड गळ्याच्या खाली उतरणार नाही, साडीला लागणार नाही. ती चालली की दिवा घेऊन मी तिच्याबरोबर चालेन. ती वळली की मी वळेन. फोटोलाही तोच दिवा ठेवायचा, म्हणजे दोन्ही सारखे. हात तेवढे खाली ठेवायचे.

"पोरगं हुशार हाय," शेठ म्हणाले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. व्हिडिओवालाही मान हलवून म्हणाला, "हाव, हे होईल." मला फार बरं वाटलं. तेवढा वेळ मी तिला विसरलोच होतो, हे खरं आहे.

ती खुर्चीवर बसली होती. "नको," ती म्हणाली. ओरडून नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मला तसं नको."

सर तिच्यापाशी गेले. "अगं बाई, एवढा सगळा सेट लावलाय. हे काय तुझ्या लग्नाचे फोटो हायत का? जाहिरात हाय. जाहिरातीत असंच असतंय."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणालो, "थोडंच करतो. कळणार बी न्हाई."

तिनं माझ्यावरची नजर काढून घेतली. नांदेडात तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं, अंगावरची साडी शेठची होती, परत जायचं ते सरांच्या गाडीतूनच. हे सगळं मला आज दिसतं. शेठनी बोलावलेल्या मेकअपवालीनं तिचा चेहरा आणि गळा पुसून पुन्हा नव्यानं रंगवला, दोन छटा उजळ. तोवर मी कात्रीनं काळा कार्डपेपर कापत होतो. कड सरळ आली नाही म्हणून मी तो दुसऱ्यांदा कापला. मला आठवतं, मी तो फार काळजीपूर्वक कापला.

मग दिवसभर मी तिच्यासोबत चाललो. ती पदर धरून चार पावलं यायची, मी दांडी तिरपी धरून चार पावलं मागं जायचो. तिनं मान वळवली की मी मनगट वळवायचो. तिचा चेहरा माझ्यापासून दोन हातांवर होता. एकदा ओठ न हलवता ती म्हणाली, "डोळे दिपतात." मी दिवा थोडा खाली घेतला. लगेच शेठ ओरडले, "गेला, गेला, चेहरा गेला!" मी दिवा वर घेतला. एकदा पदर सावरताना तिचा हात गालापाशी आला आणि पडद्यावर तो दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा दिसला. "हात खाली, ताई, हात खाली," व्हिडिओवाला म्हणाला. त्यानंतर तिनं हात वर केले नाहीत. राहिलेल्या सगळ्या साड्या तिनं हात खाली ठेवूनच दाखवल्या.

काम संपल्यावर तिनं शोरूमच्या नळाखाली चेहरा धुतला. टॉवेल पांढरा झाला. परतीच्या वाटेवर ती डोळे मिटून बसली होती, झोपली होती की नाही माहीत नाही. सर मला म्हणाले, "आजपासून तू हाताखाली न्हाईस. लाइट तुझेच." ती मागे बसलेली असतानाही मी आनंदात होतो. हे लिहायला मला लाज वाटते, पण होतो.

काम खरंच चांगलं झालं होतं. होर्डिंग लागलं, व्हिडिओ फिरले, आणि दोन्हीत तीच मुलगी होती. गोरी, उंच, हसरी, हात खाली. तिनं नोट्स बंद केल्या नाहीत. पण नोट्स देताना पूर्वी ती काहीतरी बोलायची, ते बंद झालं. एकदाच तिनं विचारलं, "तो पहिला फोटो?" मी सरांना विचारलं. चाचणीचे फोटो ते कार्डावरून लगेच उडवतात, जागा लागते म्हणून. तिला सांगितलं तर म्हणाली, "बरं." मैत्रिणी तिला क्रीमचं नाव विचारायच्या. ती सांगायची, "मांजरपाट." त्यांना कळायचं नाही. मला कळायचं, आणि त्यात पूर्ण खरं नाही हेही कळायचं. मांजरपाटानं तिला काही केलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ती आठवडाभर गावी गेली. परत आल्यावर वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसली होती, तिथं तिनं मला हाक मारून बोलावलं आणि सांगितलं. तिच्या मामानं तो व्हिडिओ देगलूरकडच्या एका घरी पाठवला होता, कुणाला न विचारता. मुलगा नोकरीवर होता. बी.ए. होईपर्यंत बघायचं नाही असं ठरलेलं असलं तरी एवढं चांगलं स्थळ आपणहून येतंय म्हटल्यावर घरचे मऊ झाले. पाहुणे आले. तिला बाहेर बोलावलं. ती चहा घेऊन आली आणि पाटावर बसली.

"मुलाच्या काकूनं मोबाईल काढला," ती म्हणाली, "आणि माझ्या तोंडाशेजारी धरला. असा. एकदा त्याच्याकडं बघायची, एकदा माझ्याकडं. मग म्हणाली, 'फोटोत फसवतात म्हणून आम्ही व्हिडिओ बी मागवून बघितला की हो. व्हिडिओ कसा खोटा असंल? का धाकटीला बसवलंय?' मला धाकटी बहीण न्हाई."

मी उभाच होतो. बसावं की नाही कळेना.

"ते गेले. जाऊ दे, त्यांचं काही न्हाई. मला कुठं करायचं होतं." ती थांबली. "अण्णा बोलत न्हाईत माझ्याशी. ते म्हणतात, तूच सांगितलं असशील त्यांना, मला गोरी करा म्हणून. तुलाच तुझी लाज वाटती म्हणून. चार लोकांत आम्हाला खोटं पाडलंस. अण्णा आयुष्यात कधी माझ्या रंगावरून बोलले नव्हते. आई बोलायची, मामा बोलायचा, अण्णा न्हाई. मी त्यांना सांगितलं, मी नको म्हणाले होते. त्यांना पटत न्हाई. म्हणतात, नको म्हणाली असतीस तर कुणी जबरदस्तीनं गोरं करतंय का?"

मग तिनं फोन लावला आणि माझ्यासमोर धरला. "तू सांग. तू होतास तिथं."

मी फोन घेतला. समोरून खोकल्याचा आवाज आला आणि मग, "हां, बोला." आवाज माझ्या वडिलांसारखाच होता, अनोळखी माणसाशी बोलताना ते थोडं जपून बोलतात तसा.

"काका, मी दिवे लावणारा," मी म्हणालो. "कॉलेजातलाच."

"बरं. मग?"

"काका, ते दिव्यांचं तसं असतंय. म्हणजे चेहऱ्यावर वेगळा दिवा असतो…"

"ते मला काय कळत न्हाई, बाळा. मला एवढंच सांग. तिनं सांगितलं होतं का असं करा म्हणून?"

ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न येईल, मग कुणी सांगितलं. मग मला माझंच नाव घ्यावं लागेल. ते लातूरला स्टुडिओत येतील, सरांसमोर उभे राहतील. दिवे नुकतेच माझ्या हातात आले होते.

"तसं… सगळ्यांचंच करतात, काका," मी म्हणालो.

"म्हंजे तिनं सांगितलं होतं," ते म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.

तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. "अण्णा, ठेवते," असं म्हणून बंद केला. मला वाटलं ती ओरडेल. तिनं पिशवीत फोन ठेवला, चेन लावली, आणि मग म्हणाली, "एवढंच वाक्य होतं रे. ती नको म्हणाली होती. चारच शब्द."

ती पायऱ्या उतरून गेली.

त्या हिवाळ्यात तिचं लग्न ठरलं, चाकूरजवळच्या एका घरी. परीक्षा लग्नानंतर देऊ देतील असं म्हणतात, असं तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. मुलाकडच्यांना या वेळी फोटो पाठवलाच नव्हता. सरळ घरी बोलावलं होतं. तिच्या वडिलांचा नंबर मी तिच्या त्याच मैत्रिणीकडून घेतला. बस स्टँडवर गर्दी असते, तिथं बोलायला मला बरं वाटलं. मी फोन केला आणि काही आढेवेढे न घेता सांगितलं की ती नको म्हणाली होती, सगळ्यांसमोर म्हणाली होती. युक्ती माझी होती, दिवा माझ्या हातात होता, आणि त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो.

ते ऐकत होते. मागं कुठंतरी मांडवाचं सामान उतरत असावं, बांबू आपटल्याचा आवाज येत होता.

"बरं केलंस सांगितलंस," ते म्हणाले. "तिनं सांगितलं होतं मला, नको म्हणाले म्हणून. मी म्हणलं, आपल्या पोरीचं ऐकावं का बाहेरच्या माणसाचं. बाहेरच्याचं ऐकलं." मग म्हणाले, "आता ती माझ्याकडं काही मागत बी न्हाई, सांगत बी न्हाई. विचारलं तर म्हणती, तुम्ही म्हणाल तसं."

"मी तिच्याशी बोलू का, काका?"

"तू कशाला बोलतोस आता," ते म्हणाले. चिडून नाही. आणि त्यांनी फोन ठेवला.